गिंडीचा बाजार, रेल्वेची हद्द आणि आमची भूमिका



रस्त्याच्या कडेला पोते अंथरून जुने पंखे, वापरलेले कपडे, मोडकी घड्याळे आणि रद्दीतली पुस्तके विकणाऱ्या माणसाच्या परवान्याचा प्रश्न रेल्वे आणि टपाल कामगारांच्या मुखपत्रात कशासाठी, असा सवाल काही सभासद करतील. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, हा प्रश्न आपल्या फलाटाच्या टोकाशी येऊन उभा आहे. संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी कायदा केला. त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहून ठेवले आहे की, रेल्वेच्या मालकीच्या व ताब्यातील जमिनीला, इमारतींना आणि गाड्यांना हा कायदा लागू होणार नाही. म्हणजे साऱ्या देशात ज्या गरीब माणसाला कायद्याने संरक्षण दिले, त्याचे संरक्षण रेल्वेच्या कुंपणाशी संपते. त्या कुंपणाच्या आत नोकरी करणारे आपण आहोत. तेव्हा या बाबतीत कामगार संघटनेचे म्हणणे काय, हे स्पष्ट शब्दांत मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

उदाहरण म्हणून आम्ही मुद्दाम चेन्नईचे गिंडी स्टेशन घेतो. दादर किंवा कल्याणचे उदाहरण घेतले की लगेच राजकारण सुरू होते, कोण कुठून आला याची चर्चा सुरू होते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. गिंडीला आपल्यापैकी कोणाचे घर नाही की दुकान नाही. तिथे प्रश्न निखळ स्वरूपात दिसतो.

ज्यांनी गिंडी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. चेन्नई बीच ते तांबरम या उपनगरी मार्गावर हे स्टेशन आहे. या मार्गावर १९३१ सालापासून विजेच्या गाड्या धावतात. त्या काळी त्या मीटरगेजवर धावत असत. गिंडीला १९५८ साली औद्योगिक वसाहत सुरू झाली. लहान कारखान्यांची अशी वसाहत उभारण्याचे देशातील ते सुरुवातीचे प्रयोग होत. २०१६ सालापासून तेथे मेट्रोही आहे. सकाळ-संध्याकाळ कामगारांची रीघ लागते आणि जिथे कामगारांची रीघ तिथे फळवाला, फुलवाली, चहावाला, प्लास्टिकचे डबे आणि जुने कपडे विकणारा येणारच. यासाठी कोणी त्यांना आमंत्रण देत नाही. ज्याला नवा माल परवडत नाही त्याच्यासाठी जुना माल विकणारा लागतो, एवढा हा साधा हिशेब आहे.

गिंडीहून तांबरमच्या दिशेने पाचवे स्टेशन पल्लावरम. तेथे दर शुक्रवारी जुन्या ट्रंक रोडवर मोठा आठवडी बाजार भरतो. रोपांपासून जुन्या कपाटांपर्यंत, कोंबड्यांपासून फोनच्या सुट्या भागांपर्यंत सर्व काही तिथे मिळते. आपल्याकडे पुण्याचा जुना बाजार जसा बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईच्या चोरबाजारात जसा शुक्रवारी पहाटे जुम्मा बाजार लागतो, त्याच जातीचा हा बाजार. गिंडीच्या कारखान्यातला हेल्पर, स्टेशनवरचा सफाई कामगार, निवृत्त पोस्टमन हे त्याचे गिऱ्हाईक.

आता समजा, असाच एक बाजार गिंडी स्टेशनाजवळ आठवड्यातून एक दिवस रीतसर भरवायचा आहे. त्याला काय काय लागेल? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपल्या देशातील परवाना पद्धतीचे खरे स्वरूप लक्षात येते.

पहिला प्रश्न येतो जागेचा. स्टेशनाचे आवार रेल्वेचे, पलीकडचा मोठा रस्ता महामार्गाचा, आतले रस्ते व पदपथ महापालिकेचे, मेट्रोच्या खांबांखालची जागा मेट्रोची, तर कारखान्यांकडची जागा औद्योगिक वसाहतीची. साधारण अर्धा किलोमीटरच्या आत इतके मालक आहेत. पोते अंथरणाऱ्याला मात्र एवढेच ठाऊक असते की, इथे गिऱ्हाईक येते. पाच पावले इकडे बसला तर एक कायदा आणि पाच पावले तिकडे बसला तर दुसरा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते त्याला कळते माल जप्त झाल्यावर.

महापालिकेच्या पदपथावर बसला तर त्याला २०१४ चा कायदा लागू होतो. हा कायदा काही आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या संघटनेने महापालिकेविरुद्ध केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली फेरीवाल्यांसाठी जागा ठरवून देण्याचे तत्त्व मान्य केले. त्याच साली पदपथावर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल झाला. पुढे १९८९ साली सोदान सिंग यांच्या खटल्यात रस्त्यावर माल विकणे हा धंदा करण्याच्या मूलभूत हक्कात मोडतो, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात, असे न्यायालयाने सांगितले. २००४ व २००९ साली केंद्र सरकारने धोरणे जाहीर केली. सप्टेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा निर्देश दिले. या साऱ्या लढ्यानंतर कायदा झाला आणि तो १ मे २०१४ पासून अंमलात आला. कामगार दिनाचा दिवस होता हे ध्यानात ठेवावे. या लढ्यात मुंबईच्या संघटनांचा वाटा मोठा आहे आणि त्याचा आम्हांला अभिमान वाटतो.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या अनेक सभासदांच्या घरातील माणसे आज याच धंद्यात आहेत. स्थानिक संस्थेने दर ५ वर्षांतून किमान एकदा सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे. प्रभागाच्या, विभागाच्या वा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के या मर्यादेत सर्वांना सामावून घ्यावे. म्हणजे ४० हजार वस्तीच्या प्रभागात १ हजार विक्रेते बसू शकतात. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवू नये. उठवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी. माल जप्त केला तर त्याची यादी करून विक्रेत्याला प्रत द्यावी. नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत, फी भरून घेऊन परत करावा. प्रमाणपत्रातील अटी पाळणाऱ्या विक्रेत्याला पोलिसाने किंवा अन्य कोणी अडवू नये, असेही स्वतंत्र कलम आहे.

हे सर्व ठरविण्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते. महापालिकेचे आयुक्त तिचे अध्यक्ष. समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांच्यात एकतृतीयांश महिला असल्या पाहिजेत. ज्या बाजारात विक्रेते व गिऱ्हाईक परंपरेने जमतात त्याला कायद्याने ‘नैसर्गिक बाजार’ म्हटले आहे. सर्वेक्षणात असा बाजार आढळला तर ती जागा विक्रीबंद क्षेत्र ठरवता येत नाही. ५० वर्षांपेक्षा जुना बाजार असेल तर त्याला वारसा बाजाराचा दर्जा देऊन तेथील विक्रेत्यांना हलवू नये, अशीही तरतूद आहे. छावणी मंडळ हीसुद्धा या कायद्याखाली स्थानिक संस्थाच आहे, म्हणून लष्करी छावणीच्या गावांतही हाच कायदा.

कागदावर कायदा चांगला आहे. अंमलबजावणी कशी झाली, हे मुंबईकरांना सांगायला नको. मुंबईत २०१४ साली सर्वेक्षण झाले तेव्हा ९९ हजारांच्या वर अर्ज आले. त्यानंतर अधिवासाच्या दाखल्यासारख्या अटी लागल्या आणि पात्र माणसांची संख्या झरझर खाली आली. समितीवरील प्रतिनिधींच्या निवडणुकीसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडले. कायदा आल्यानंतर तब्बल १० वर्षांनी. तोवर नियमाप्रमाणे दोन सर्वेक्षणे होऊन जायला हवी होती. जो माणूस ३० वर्षे एका जागी बसतो आहे त्याच्याकडे अधिवासाचा दाखला मागायचा आणि तो नाही म्हणून त्याला उपरा ठरवायचे, यात न्याय कोणता?

जुन्या मालाच्या आठवडी बाजाराच्या बाबतीत कायद्यात आणखी एक अडचण आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. प्रमाणपत्र घेणाऱ्याला लिहून द्यावे लागते की, आपल्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, धंदा आपण स्वतः किंवा घरच्या माणसामार्फत करू आणि प्रमाणपत्र कोणाला भाड्याने देणार नाही. शेवटच्या अटीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे, कारण जागा बळकावून भाड्याने देणाऱ्या दादा लोकांनीच हा धंदा नासवला आहे. पण आठवड्यातून एकच दिवस बसणाऱ्याचे काय? तो बाकीचे सहा दिवस मजुरी करतो. बाई धुणी-भांडी करते आणि एक दिवस घरोघरी भांड्यांच्या बदल्यात गोळा केलेले जुने कपडे विकते. तिला ‘दुसरे साधन नाही’ असे प्रामाणिकपणे लिहून देता येईल काय? कायद्याच्या परिशिष्टात वेळ वाटून घेऊन विक्री करण्याच्या पद्धतीचा उल्लेख आहे. त्याचाच आधार घेऊन राज्य सरकारांनी आठवडी बाजारासाठी एका दिवसाचे स्वस्त व सोपे प्रमाणपत्र काढले पाहिजे.

येथे आपल्या सभासदांना एक सावधगिरीची सूचना. रेल्वे सेवा वर्तणूक नियम १९६६ मधील नियम १५ प्रमाणे आणि टपाल कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ मधील नियम १५ प्रमाणे, सेवेत असताना पूर्वपरवानगीशिवाय धंदा करता येत नाही. पत्नीने किंवा घरातील अन्य माणसाने धंदा केला तर त्याला बंदी नाही, पण प्रशासनाला तसे कळवावे लागते. जुन्या बाजारात पत्नीच्या नावाने गाळा असेल तर साध्या कागदावर अर्ज करून कळवावे आणि पोच घ्यावी. आरोपपत्र आल्यावर शाखेकडे धावत येण्यापेक्षा हे बरे.

आता कुंपणाच्या आत येऊ. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४४ ने रेल्वे प्रशासनाच्या परवान्याशिवाय गाडीत किंवा रेल्वेच्या हद्दीत माल विकणे हा गुन्हा ठरवला. मूळ कायद्यात त्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. म्हणजे गिंडीच्या पदपथावर जो माणूस हक्कदार विक्रेता, तो स्टेशनाच्या आवारात शिरताच आरोपी. बाहेर त्याला ३० दिवसांची नोटीस, आत ३० सेकंदांचीही नाही. बाहेर त्याच्या मालाची यादी होते, आत ती करण्याचे बंधन या कायद्याने घातलेले नाही. बाहेर त्याचा प्रतिनिधी समितीवर बसतो, आत त्याचे म्हणणे ऐकायला कोणी नाही.

रेल्वेला अशी सूट का दिली, याचे कारण आम्ही समजू शकतो. गाडी चालवणे हे सुरक्षिततेचे काम आहे. आम्ही रेल्वे कामगार आहोत. पादचारी पुलावर, जिन्यावर, फलाटावर आणि रुळांलगत कोणी दुकान मांडावे, याला आम्ही कधीही पाठिंबा देणार नाही. याबाबत आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. ती सकाळ कोणीही विसरणार नाही. पण त्यानंतर काय झाले? संताप फेरीवाल्यांकडे वळवण्यात आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम केली. तो निकाल मानलाच पाहिजे. परंतु अरुंद पूल रुंद करण्याची मागणी प्रवासी वर्षानुवर्षे करीत होते आणि परळच्या गिरण्या जाऊन तेथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले तरी पूल होता तेवढाच राहिला, हेही तितकेच खरे. पुलाची रुंदी फेरीवाला ठरवीत नाही. ती ठरवणारे कार्यालयात बसतात.

प्रश्न पुलाचा नाही, पुलापलीकडच्या मोकळ्या जागेचा आहे. रेल्वेकडे स्टेशनांबाहेर आवार आहे, बंद पडलेल्या गुड्स शेडची जागा आहे, जुन्या चाळी पाडून मोकळे झालेले भूखंड आहेत. ती जागा व्यापारी उपयोगासाठी मोठ्या कंत्राटदारांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची योजना असू शकते, तर आठवड्यातून एक दिवस गरिबाला का असू शकत नाही? स्थानिक कारागिरांच्या मालासाठी ‘एक स्टेशन एक उत्पादन’ ही योजना रेल्वेने २०२२ साली आणली. म्हणजे ठरवले तर रेल्वेला लहान विक्रेत्याला जागा देता येते. ती मेहेरबानी म्हणून न देता नियम म्हणून द्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

परवाना देण्याची रीत रेल्वेला नवी नाही. लाल डगला आणि दंडावर पितळी बिल्ला असलेला हमाल हा परवानाधारकच होता व आहे. त्याचा बिल्ला वारसाने मुलाकडे जातो हे आपण पाहिले आहे. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात परवानाधारक हमालांना गँगमनच्या कामावर घेण्याची घोषणा झाली आणि हजारो हमाल रेल्वे कामगार झाले. बिल्ल्यावर नंबर असला की माणूस ओळखता येतो, तक्रार करता येते, त्याच्याकडून नियम पाळून घेता येतात. जे हमालाच्या बाबतीत शक्य झाले ते विक्रेत्याच्या बाबतीत का शक्य होऊ नये?

चेन्नईच्याच इतिहासातील एक गोष्ट रेल्वे कामगारांनी माहीत करून घ्यावी. चेन्नई सेंट्रलच्या शेजारी मूर मार्केट नावाचा प्रसिद्ध बाजार होता. १८९८ साली पायाभरणी झालेला, लाल विटांचा, चौकोनी. जुनी पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या, नाणी, जुने सामान यासाठी साऱ्या दक्षिणेतून लोक तिथे येत. ३० मे १९८५ रोजी तो आगीत भस्मसात झाला. आज त्या जागेवर दक्षिण रेल्वेची इमारत आणि उपनगरी गाड्यांचे टर्मिनस उभे आहे. तांबूस विटांच्या त्या बाजाराचे नाव आता गाडीच्या वेळापत्रकात उरले आहे, कारण त्या टर्मिनसला मूर मार्केट कॉम्प्लेक्सच म्हणतात. व्यापाऱ्यांसाठी जवळच लिली पाँड संकुल बांधले गेले. पण जुन्या मालाचा बाजार हा रस्त्यावरच्या रहदारीवर जगतो, इमारतीच्या मजल्यावर नाही. ज्या जागेवर आपली रेल्वे आज तिकिटे विकते त्या जागेवर एकेकाळी जुन्या मालाचा बाजार होता, एवढे भान तरी आपल्या प्रशासनाने ठेवावे.

उलट उदाहरणही आहे. अहमदाबादचा रविवारी भरणारा गुजरी बाजार शेकडो वर्षांचा. साबरमती किनाऱ्याच्या सुशोभीकरणात तो उठणार असे दिसताच तेथील विक्रेत्यांच्या संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली, वाटाघाटी केल्या आणि २०१४ साली नदीकाठीच ओटे, झाडांची सावली व रस्ते असलेली नवी जागा मिळवली. दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने पदपथावरून उठला आणि सप्टेंबरात महिला हाट येथे पुन्हा भरू लागला. दोन्ही ठिकाणी कुरबुरी आहेत, भाडे वाढले अशी तक्रार आहे. पण बाजार जिवंत राहिला. तो राहिला, कारण विक्रेते संघटित होते. संघटना नसलेला बाजार एका रात्रीत उठतो. कामगार चळवळीला हा धडा नव्याने सांगायला नको.

जुन्या बाजारावर नेहमी एक आरोप होतो, तो टाळून चालणार नाही. तिथे चोरीचा माल विकला जातो, असे म्हणतात. काही प्रमाणात ते खरे आहे आणि आपल्याला त्याचा थेट फटका बसतो. रुळांच्या चाव्या, फिशप्लेट, तांब्याच्या तारा भंगारात जातात तेव्हा आपल्याच ट्रॅकमनच्या आणि लोको पायलटच्या जिवाला धोका होतो. यासाठी रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ आहे आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागते. कायद्यांची कमतरता नाही. कमतरता आहे नोंदीची. ज्या बाजारात प्रत्येक विक्रेत्याला नंबर आहे, बसण्याची जागा ठरलेली आहे आणि मौल्यवान जुन्या वस्तू कोणाकडून घेतल्या याची वही आहे, तिथे चोराला माल खपवणे कठीण जाते. बिनपरवाना बाजार मात्र चोराला सोयीचा असतो, कारण तिथे उद्या कोण कुठे बसेल याचा पत्ता नसतो. म्हणून परवाना हा प्रामाणिक विक्रेत्याचे चिलखत आहे आणि रेल्वेच्या मालमत्तेचेही.

दुसरा रोग ठेकेदारीचा. अनेक गावांत बाजारवसुलीचा लिलाव होतो. ठेकेदार ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेतो, पावती देत नाही आणि त्याची माणसे दमदाटी करतात. त्यावर गणवेशातल्या काही मंडळींचा हप्ता वेगळा. विक्रेता पैसे देत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्याचा रोजचा हिशेब विचारावा. तो भरपूर पैसे देतो, पण ते सरकारी तिजोरीत पोचत नाहीत. कायद्याप्रमाणे फी स्थानिक संस्थेने ठरवायची असते. ती थेट पावतीने घेतली तर विक्रेत्याचा भार हलका होईल आणि संस्थेचे उत्पन्न वाढेल. ज्यांनी रेल्वेत आणि टपालात ठेकेदारी पद्धतीचे दुष्परिणाम भोगले, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

टपाल कामगार बंधूंना यात काय काम, असे विचाराल तर सांगतो. सर्वेक्षणात सर्वात मोठा तंटा होतो तो ‘हा माणूस इथे किती वर्षे बसतो’ यावरून. हे महापालिकेच्या कारकुनाला ठाऊक नसते. बीटवरच्या पोस्टमनला ठाऊक असते. ‘स्टेशनबाहेर, पिंपळाच्या पारापाशी, चपलावाला’ एवढ्या पत्त्यावर तो मनिऑर्डर पोचवत आला आहे. विक्रेत्याच्या नावावर आलेले जुने टपाल, पोस्टातील आवर्ती ठेवीचे पासबुक, हे त्या माणसाच्या तिथल्या वास्तव्याचे पुरावे म्हणून समित्यांनी स्वीकारले पाहिजेत. जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी १० हजार रुपयांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली तेव्हाही कागदपत्रांअभावी अनेकांची दमछाक झाली. टपाल कार्यालयात अशा माणसाला अर्ज भरायला मदत करणे हे आपल्या शाखांना सहज जमण्याजोगे काम आहे.

काही सभासद म्हणतील, आपलेच प्रश्न थोडे आहेत काय? जुनी पेन्शन, रिक्त जागा, खाजगीकरण. या प्रश्नांवर आमची लढाई चालू आहे आणि चालू राहील. परंतु ज्या जागा भरल्या जात नाहीत त्या जागांवर लागू शकले असते असे तरुण आज काय करतात, हे बघा. कंत्राटी कामावरून कमी झालेला सफाई कामगार, गिरणी बंद झालेल्या कामगाराचा मुलगा, अनुकंपा नोकरीची वाट पाहून थकलेली विधवा, यांतले कितीतरी आज स्टेशनबाहेर पोते अंथरून बसलेले आहेत. तेव्हा त्यांना परके समजून चालणार नाही. नोकरी गेलेल्या कामगाराची ती आजची जागा आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, २०१४ च्या कायद्यातून रेल्वेला मिळालेली सरसकट सूट रद्द करून ती पूल, जिने, फलाट, रूळ आणि गाड्या यांपुरती मर्यादित करावी. बाहेरच्या आवाराला कायदा लागू करावा. दुसरी, तोपर्यंत रेल्वे बोर्डाने स्वतःचे परिपत्रक काढून आवारातील विक्रेत्याला उठवण्यापूर्वी लेखी नोटीस आणि जप्त मालाची यादी देणे बंधनकारक करावे. तिसरी, स्टेशनाभोवतीच्या भागाचे सर्वेक्षण रेल्वे व स्थानिक संस्थेने मिळून करावे आणि त्या वेळी रेल्वे व टपाल कामगार संघटनांचे प्रतिनिधी बोलवावेत. चौथी, रेल्वेच्या पडीक जागेवर ठरलेल्या दिवशी जुन्या मालाचा आठवडी बाजार भरवू द्यावा. नंबर, नोंदवही, स्वच्छतेची जबाबदारी आणि थेट पावती या अटींवर, ठेकेदार न नेमता. पाचवी, रेल्वे सुरक्षा दलातील जवानांवर अमुक इतके खटले केलेच पाहिजेत असा दबाव येऊ नये, कारण त्याचा राग शेवटी त्या जवानावर आणि स्टेशन कर्मचाऱ्यांवर निघतो.

आमच्या शाखांनी एवढे तरी ताबडतोब करावे. आपापल्या स्टेशनाबाहेर बसणाऱ्यांशी बोलावे, त्यांना कायद्यातील हक्क मराठीत समजावून सांगावेत आणि पूल-जिने मोकळे ठेवण्याची हमी त्यांच्याकडून घ्यावी. आपल्या शहरात पथविक्रेता समिती अस्तित्वात आहे की नाही, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. उत्तर आले की त्याची प्रत शाखेच्या फलकावर लावावी. उत्तर आले नाही तर अपील करावे आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा.

कामगार एकजूट झिंदाबाद!